पथ्याचा कागद

(आरोंदा येथे तरुणांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे. मधले प्रश्न जागेअभावी गाळले.)



शिबिरवाल्या पोरांनी मला विषय दिला, 'आरोग्य आणि आहार'. मी म्हटलं, अरे हा माझा विषय नव्हे, डॉक्टरला बोलवा. तर म्हणाले, डॉक्टर गेल्या खेपेला येऊन गेले. काय खायचं ते त्यांनी सांगितलं. का मिळत नाही ते तुम्ही सांगा. हे बरं झालं. तेवढंच मला येतं.

माझ्या खिशात हा एक कागद आहे. माझ्या आवशीच्या पथ्याचा. तिला साखर निघाली तेव्हा तालुक्याच्या गावी एका खासगी डॉक्टरकडे नेली. त्याचं नाव कशाला, माणूस वाईट नव्हता. तपासलं, गोळ्या दिल्या आणि छापील कागद हातात ठेवला. सकाळी ओट्स नाहीतर दलिया, साय काढलेलं दूध, चार बदाम. अकरा वाजता सफरचंद. दुपारी दोन फुलके, वाटीभर डाळ, वाटीभर पालेभाजी, कोशिंबीर. रात्री पनीर किंवा न तळलेला मासा. खाली जाड अक्षरात : भात टाळा.

आवशीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भात खाव नको सांगता. मगे खाव काय, फातर?"

हसा, हसा. मीही हसलो होतो. कागद दाराच्या मागे खिळ्याला टोचून ठेवला. दोन महिन्यांनी घरी गेलो तर खिळा रिकामा. तिने त्यात सुकी सुंगटं गुंडाळून डब्यात ठेवली होती. हा बघा, अजून वास येतो.

त्या दिवसापासून हा कागद माझ्या डोक्यातून जात नाही. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. गोळी बंद करा असं तर मुळीच म्हणत नाही. इथे कुणी बसलं असेल ज्याने गावठी औषधासाठी गोळी सोडलीय, त्याने आज संध्याकाळपासून परत चालू करावी. माझं म्हणणं वेगळं आहे. हा कागद कुणासाठी लिहिला? ज्याच्या घरी फ्रीज आहे, ज्याच्या बाईला दुपारी घरी थांबून फुलके करायला सवड आहे, ज्याला सफरचंद आणि पालक यांतलं काय घ्यायचं एवढाच प्रश्न पडतो, त्याच्यासाठी. आपण त्या कागदात कुठेच नाही. कागद छापणाऱ्याला आपण दिसलोच नाही.

आणि गंमत अशी की आपल्या म्हाताऱ्या जे खात होत्या ते या कागदापेक्षा कमी नव्हतं.

बघा. सकाळची पेज, उकड्या तांदळाची. भात उकडून, सुकवून मग सडायचा. उकडताना कोंड्यातली जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. म्हणून ज्या मुलखात उकडा खाल्ला जायचा तिथे बेरीबेरी कमी आणि जिथे गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ आला तिथे जास्त, हे डॉक्टरांनीच शोधून काढलेलं आहे. नाचणीची भाकरी : १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. कुळीथाची पिठी : १०० ग्रॅम कुळीथात विसेक ग्रॅम प्रथिनं. सुकं म्हणाल तर गोलमो, बांगडे, बोंबील. मिरगाचा पाऊस पडला की टायकळा, मग अळू, कुरडू, कुंपणावरच्या शेवग्याचा पाला. मोठी सुकती असली की बायका तेरेखोलच्या खाडीत कमरेएवढ्या चिखलात उतरायच्या, खुबे, कालवं, तिसऱ्या काढायच्या. माझी आजी बांबूच्या टोपल्या विणायची. टोपली देऊन पाटीभर तारले आणायची. पैशाचं तोंड कुणी बघितलं होतं! "आज निस्त्याक काय गो?" हा प्रश्न आमच्या वाडीत रोज संध्याकाळी ह्या घरातून त्या घरात जायचा, आणि बहुतेक दिवस त्याला काहीतरी उत्तर असायचं.

बहुतेक दिवस. रोज नव्हे. आता इथे थांबू, कारण 'जुनं ते सोनं' म्हणायला टपलेली मंडळी फार आहेत आणि त्यांना हे भाषण हातात द्यायची माझी इच्छा नाही.

श्रावण-भादव्यात, नवं भात यायच्या आधी, मडक्यात पाणी किती आणि शितं किती हे कुणी मोजलं होतं? पेज हे नाव पाण्याला होतं. टायकळा आवडीने नव्हे, दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ला. भाटकाराच्या खळ्यात दिवसभर राबलेल्या बाईला पेज मिळायची ती अंगणाच्या कडेला, करवंटीत, वरून ओतलेली. आणि पोरांची, नवऱ्याची, सासऱ्याची वाढून झाली की आवशीच्या वाट्याला मडक्याचा तळ. आम्ही विचारायचो, तू जेवलीस? ती म्हणायची, "माका नको, तुमी खावा." लहानपणी मला खरंच वाटायचं की आयांना भूक कमी लागते. हे वाटणं जायला मला चाळिशी उजाडली. लाज वाटते सांगायला.

तेव्हा जुन्या ताटाची आरती मी ओवाळणार नाही. त्या ताटात जे चांगलं होतं ते आपल्या बायकांच्या अकलेचं. त्यात जी भूक होती ती गावाने वाढलेली.

आपल्या माणसांनी अन्नावरून लढे केले आहेत हे विसरू नका. १९२७ च्या मार्चात महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं हे पोरांना पाठ असतं. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा, दारोदारचं उष्टं मागणं सोडा, असंही सांगितलं गेलं. ते कुणाला पाठ नसतं. आणि लोकांनी ऐकलं! अर्धपोटी माणसांनी हाताशी असलेलं मांस सोडलं. देशावर ज्याला चाण्या म्हणतात ते वाळवलेलं मांस वर्षाची बेगमी होती. ती गेली. सोडलं ते बरोबरच केलं, माणूस म्हणून उभं राहायचं तर ते सोडावंच लागणार होतं. पण त्याच्या जागी ताटात काय आलं, हे या देशाने कधी विचारलं? बलुतं गेलं, १९५८ च्या कायद्याने महार वतन गेलं. चांगलं झालं, गुलामीच होती ती. पण जमीन? १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल आणलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत धडकले. आपला हा गाव तेव्हा सावंतवाडी संस्थानात. इथे खोताच्या जागी भाटकार, एवढाच काय तो फरक. पुढे कूळकायदा आला. ज्याचं नाव कागदावर कूळ म्हणून लागलं तो मालक झाला. ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, जो नुसताच गडी होता, तो गडीच राहिला. आपल्यातल्या किती जणांच्या सातबाऱ्यावर काय आहे, हात वर करून सांगा. ... बघितलंत?

आणि आता नाचणीची गोष्ट.

मी शाळेत असताना नाचणीची भाकरी डब्यात न्यायची लाज वाटायची. मास्तरांचा पोरगा चपाती आणायचा. आमची काळी भाकरी आम्ही पाठमोरे बसून खायचो. गहू कोकणात पिकत नाही. तरी चपाती म्हणजे सुधारणा आणि नाचणी म्हणजे महारवाडा, हे आम्हाला कुणी न सांगता कळलं होतं. २०२३ साल आलं. संयुक्त राष्ट्रांनी ते भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, प्रस्ताव भारताचा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात नाचणी-बाजरी-ज्वारीला नाव मिळालं 'श्रीअन्न'. वा रे वा! आमच्या पोटात होती तोवर नाचणी; यांच्या पोटात गेल्यावर श्री. आता शहरात नाचणीची बिस्किटं चकचकीत पुडक्यात मिळतात आणि आमची पोरं इथे पाच रुपयांचं वेफर्सचं पुडकं फोडतात. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिलं. नावातच सगळं आलं. ज्यांच्या घरात ब्रह्म पूर्ण होतं त्यांना आमचं ताट अन्न म्हणूनच मान्य नव्हतं.

बरं, मान मिळाला. नाचणी कुठे आहे? नाचणी व्हायची वरकस जमिनीवर, डोंगरउतारावर. आपल्या नावावर नसली तरी अर्धेलीने, कुणाच्या मेहेरबानीने दोन वाफे मिळायचे. १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली. ज्याची जमीन त्याला अनुदान. उतार काजूखाली, आंब्याखाली गेले. काजूला माझा विरोध नाही, काजूने कोकणात पैसा आला. पण कुणाकडे? कलम लावायला खड्डे आपण खणले, बी आपल्या बायका फोडतात, चिकाने हात त्यांचे जळतात. आणि ज्या उतारावर नाचणी व्हायची तिथे आता तारेचं कुंपण आहे. त्या कुंपणाच्या आत टायकळा उगवतो तोही आता कुणाच्या तरी मालकीचा.

मासळीचं तेच. तारला हा गरिबाचा मासा. आता तो फिशमीलच्या कारखान्यात जातो, त्याचं पीठ होतं, ते कोंबड्यांना आणि तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला घालतात. कोळंबी जाते परदेशी. म्हणजे आपल्या ताटातला तारला कोळंबीच्या पोटातून साहेबाच्या पोटात गेला. सुरमई-पापलेटाचं तर बोलूच नका, ती मालवणी थाळीची. पाहुण्यांनी खायची, फोटो काढायचे. सुकत्या अजून येतात-जातात, पण चिखलात उतरायला बाई कुठे आहे? ती सकाळी सहाला कामाला गेलेली असते.

तुम्ही तरणी पोरं खाडी ओलांडून गोव्यात जाता. पेडण्याला, मोप्याच्या विमानतळाच्या बाजूला, हॉटेलांत, बांधकामावर. सकाळी सहाला मोटरसायकल. पेज पिऊन निघालं तर दोन तासांत भूक लागते आणि पेज डब्यात नेता येत नाही. मग दहाला भाजीपाव, दुपारी वडापाव, चारला तीन चमचे साखरेचा चहा, संध्याकाळी परत पाव. मैदा, बटाटा, पामतेल, साखर. पोट भरतं. स्वस्त आहे. मी दोष देत नाही. चौदा तास बाहेर असलेल्या माणसाला दुसरं काय परवडतं? पण हे ऐका. आयसीएमआर-इंडियाब नावाची देशभरची पाहणी २०२३ साली लॅन्सेटच्या मासिकात छापून आली. देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींवर. आणि टक्केवारीत सगळ्यात वरचं राज्य कोणतं? गोवा, २६.४ टक्के. समोर किरणपाणीचे दिवे दिसतात ना, तिथून सुरू होतं. तुमचा डबा तिथला, तुमचं खाणं तिथलं, तुमचं रक्त काय आरोंद्याचं राहणार आहे?

एक गोष्ट उघड बोलतो, राग आला तर येऊ दे. त्या बाजूला दारू स्वस्त. रोजातले किती पैसे खाडीच्या पलीकडेच राहतात ते तुम्हाला माहीत आहे. १४ एप्रिलला निळा फेटा बांधून ट्रकवर नाचणारा पोरगा त्या रात्री कुठे पडलेला असतो तेही मला माहीत आहे. व्यवस्थेला शिव्या द्यायचा हक्क आपल्याला आहे, पण ह्या बाटलीवर व्यवस्थेचं नाव लिहून सुटका नाही.

आता रेशन.

२०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट केलं. ५ किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिवसाचं जे ताट सांगितलं त्यात धान्य अडीचशे ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, डाळ-अंडी-मांस मिळून ८५, दूध ३०० मिलिलिटर, वर थोडे दाणे-बिया आणि तेल. आता बेरीज करा. सरकार ज्या ताटाचं चित्र भिंतीवर लावतं, त्यातला नुसता धान्याचा कोपरा सरकार भरतं, तोही पुरता नाही. बाकी चार कोपरे तुमचे तुम्ही भरा. मग घरातली बाई काय करते? भाताचा ढीग मोठा करते. आमटी पातळ करते. पोटाला फसवते. पुढे त्याच पोटाला साखर निघते आणि डॉक्टर लिहितो, भात टाळा!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१, महाराष्ट्राचे आकडे : १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. पाच वर्षांखालच्या पोरांत ६८.९ टक्के. हे पुढारलेलं राज्य! २०२१ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की रेशनच्या तांदळात लोह घालणार. आला तो तांदूळ. आमच्या वाडीतल्या बायकांनी त्यातले वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिक' म्हणून वेचून कोंबड्यांना टाकले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं ते काय आहे. आमच्याशी बोलायचं नाही, फक्त आमच्यात काहीतरी घालायचं.

पण याच कायद्यात एक ओळ आहे ती आज घरी घेऊन जा. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया, असे दर कायद्याच्या परिशिष्टात लिहिले होते. म्हणजे नाचणी कायद्यात आहे. भीक नाही, मेहेरबानी नाही. कर्नाटकात, आपल्या शेजारीच, दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर नाचणी देतात. मग सिंधुदुर्गात का नको? इथल्याच शेतकऱ्याची नाचणी आणि कुळीथ सरकारने विकत घ्यावेत आणि इथल्याच दुकानात द्यावेत. हे मागायचं.

दुसरी ओळ. त्याच कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई लावली. कार्डावर पहिली आणि ताटावर शेवटची! हा कायदा कोण मोडतं? इथे तहसीलदाराकडे बोट दाखवता येणार नाही.

शाळेचं बोलून संपवतो. १९९५ साली योजना आली तेव्हा पोरामागे महिन्याला ३ किलो तांदूळ घरी द्यायचे. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिजवून द्या. २००४ साली त्याच न्यायालयाने सांगितलं की स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. पाणी बाटवतो म्हणून ज्यांना तळ्यावरून हाकललं, त्यांच्या हातचं सगळ्या गावाच्या पोरांनी खावं, असा तो हुकूम. तुमच्या तुमच्या शाळेत कोण शिजवतं ते उद्या बघून या. आणि अंडं. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने पोरांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. एक! तामिळनाडूत २०१० पासून आठवड्याला पाच देतात. इकडे एकावरूनच केवढा गहजब झाला : आमच्या भावना, आमचं शाकाहार. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचे पैसे काढून घेतले. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. ज्यांच्या घरी बदाम आहेत त्यांच्या भावनेसाठी, ज्याच्या घरी काही नाही त्याच्या पोराच्या ताटातलं अंडं गेलं. मला सांगा, भावना फक्त त्यांनाच असतात काय? माझ्या पोराच्या भुकेला भावना नाही?

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला तीन कागद न्यायचे. रेशनवर नाचणी-कुळीथ द्या, हा ठराव. शाळेत अंडं, ग्रामपंचायतीच्या पैशातून का होईना, हा दुसरा. गावच्या सामाईक जागेत वाडीच्या बायकांना भाजी-नाचणीला तुकडा, हा तिसरा. ठराव फेटाळला तर कोणी फेटाळला ते नावानिशी नोंदवून घ्यायचं. एकट्याने जायचं नाही. आणि पोरांनो, घरी चूल तुमच्याही बापाची आहे. कुळीथाची पिठी ढवळायला दहा मिनिटं लागतात, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत एवढंच. मी पन्नाशीला शिकलो. आवस पहिल्या दिवशी म्हणाली, "मीठ खंय?" दुसऱ्या दिवशी काही बोलली नाही, दोनदा वाढून घेतलं.

तिची साखर अजून खालीवर होते. पेजेनेही साखर वाढते, हे मी लपवत नाही. ती आता अर्धी वाटी भात, जास्त पिठी, मूठभर सुकं आणि मिळेल तो पाला असं खाते. गोळी घेते. हे पथ्य कुणी छापलेलं नाही. आमच्या वाडीच्या आशाताईने तिच्या शेजारी बसून, डब्यात काय काय आहे ते उघडून बघून ठरवलं.

दीड वाजला. जेवण तयार आहे : उकडा भात, पिठी, सुके बांगडे भाजलेले, टायकळ्याची भाजी. वाढायला मी आणि ही शिबिराची पोरं. पहिल्या पंगतीला आयाबायका बसतील, स्वयंपाक ज्यांनी केला त्यासुद्धा. चला, पानं मांडा.